बुधवार

गुरुवार नको, तुझा उपास.
शनिवार-रविवार तर नकोच, मुंबईच्या गाड्या येतात,
तरुण मुलं ग्लास धरून स्वतःचेच फोटो काढतात म्हणे.
बुधवार.
लिही, गायधनी, तुझं अक्षर चांगलं.

ती लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर:
बुधवार. चतुर्थी नाही, पाहिलं.
गिरणाऱ्याच्या पुढे, जिथे डोंगर दोन्हीकडून सरकत जवळ येतात
आणि मोबाइलची रेंज जाते.
दोन रात्री. एक खोली, दोन कॉट.
स्वेटर, दरीत पहाटे फार गारठा.
गुडघ्याचं तेल. भडंग.
"आणि दिवसभर काय करायचं?"
काही नाही.
"काही नाही, असं लिहू?"
लिही. खाली रेघ मार.

आणि घरी काय सांगायचं?
सोमेश्वरला जातो म्हणू.
रस्ता तोच आहे, गंगापूर रोड,
रिक्षातून हात जोडले की खोटं उरत नाही.
"सोमेश्वरला दोन रात्री कोण राहतं गं, कुमुद?"
यावर आम्ही इतक्या हसलो
की सुनेने आतून विचारलं, चहा टाकू का.

बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले:
डावीकडे साखर, बाणावर यीस्ट,
उजवीकडे अल्कोहोल,
आणि वर जाणारा एक छोटा बाण, वायूचा.
द्राक्षांच्या गावातली पोरं, पेटीत बोटं चिकट झालेली,
वहीत उतरवून घ्यायची मुकाट.
चव कशी असते, एकानंही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बाहेर उभं केलं असतं.

खोली विचारायला फोन लावला.
पलीकडे क्षणभर शांतता, मग:
"क्षेमकल्याणी बाई? मी रामनाथ बेंडकुळे. नववी ब."
तळघरात पिंपं सांभाळतो आता.
"पस्तीस पडले होते बाई रसायनात, काठावर."
मला आठवलं. एकतीस होते.
बोलले नाही.

मग तोच शिकवायला लागला.
आधी रंग बघायचा, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून.
(टायट्रेशनला पांढरी फरशी ठेवायची, मीच ओरडायचे.)
मग ग्लास फिरवायचा, मनगटातून, सांडू न देता.
(तेही.)
मग नाक. मग घोट,
जिभेवर थांबू द्यायचा, घाई नाही,
आणि गिळायचा नसला तर थुंकायचा, भांडं ठेवलेलं असतं.
थुंकायचा?
जिन्याच्या कोपऱ्यावरून मी अर्धी शाळा फोडून काढली रे!
तो हसला. म्हणाला,
"कसला वास येतो ते सांगायचं, बाई. वाटेल ते.
इथे उत्तर चुकत नाही."

फोन ठेवला तरी हात तिथेच राहिला.
किती गठ्ठे तपासले, मे महिन्याच्या उन्हात,
पंख्याखाली उडणाऱ्या पुरवण्या पट्टीनं दाबून;
हे वाक्य एकाही समासात लिहिलं नाही.

सराव म्हणून कोकमाचं सरबत घेतलं,
स्टीलच्या फुलपात्रात. रंग काही दिसेना.
फिरवलं. गायधनीनं डोळे मिटले,
तीस वर्षं कविता शिकवलेली बाई,
वाटलं आता फुलं काढणार एखादी.
म्हणाली, "पाटी. थुंकीनं पुसलेली."
मी हुंगलं.
प्रयोगशाळेचं कपाट, सुट्टी संपल्यावर पहिल्यांदा उघडलेलं.
आणि त्याच्यामागे आणखी काहीतरी,
फार जुनं, ओळखीचं,
नाव ओठांपर्यंत आलं आणि गेलं.
"आठव, घाई नाही," गायधनी म्हणाली, रामनाथच्या सुरात.

मग तिनं वही ओढली, यादीत भर घातली:
कोरी वही, एक.
पेन, दोन. लाल नको.
सोमेश्वरसाठी नारळ. खरंच घेणे.