व्हिजिटचे तीनशे

फोनवर आधीच सांगितलं त्यानं,
"व्हिजिटचे तीनशे. काम हुवो, न हुवो."
मी म्हटलं, बघू.
बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला
एक नळी जोडायला माणूस लागतो,
हे पचत नव्हतं.

गॅसचा गीझर भाच्यानं आणलेला, खोक्यासकट,
पोवई नाक्यावरून, सेलमधला.
"मावशी, मीच बसवतो, व्हिडिओ आहेत."
बसवलाही असता.
पण ड्रिलचं पातं फरशीत अडकलं
आणि त्याला पुण्याची गाडी गाठायची होती.
न्हाणीघराच्या भिंतीत राहिलं एक भोक,
त्यातून आठवडाभर यवतेश्वराकडचा वारा
थेट पाठीवर.

मुबारक शिकलगार आला, दहा म्हणजे दहाला.
चपला बाहेर. कॅनव्हासची पिशवी.
तिच्यातून निघाले दोन पाने,
तांब्याची नळी कापायचं चाक,
घड्याळासारखं एक गेज,
आणि शाम्पूची रुपयावाली पुडी.

न्हाणीघर पाहून तो काही बोलला नाही.
खिडकीची काच हलवून बघितली. रंगानं चिकटलेली.
दार आतून लावलं, उघडलं.
वाकून दाराखालच्या फटीत बोट घातलं.
फट नव्हतीच.
थंडी लागते म्हणून मीच तिथं
जुन्या साडीची गुंडाळी कोंबलेली.

"मॅडम, हितं आत न्हाय बसत."
बसतो, मी म्हटलं. मी माप घेतलंय.
"माप बसतंय. मानूस बसत न्हाय."

मला आठवायला हवं होतं ते आठवलं नाही.
आठवला दर.
मागच्या पडवीत लावायचा तर नळी चार मीटर जास्त,
वर पत्र्याची टोपी, दोन क्लँप, अर्धा दिवस.
जरा चढ्या आवाजात विचारलं, कुठं शिकलात?
"आयटीआय. मोळाचा ओढा."
आणि मग खोक्याची पट्टी सोडवता सोडवता,
माझ्याकडे न बघता,
"कराडात येक दार तोडाय मी हुतो.
पानी चालूच हुतं. गरम."

एवढंच.
पुढचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कार्बन मोनॉक्साइड: रंग नाही, वास नाही.
दोन गुण.
सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास लावतात, कळावा म्हणून,
हेही मीच सांगायचे फळ्यापाशी.
नीट न जळता जे उरतं, त्याला कुणी लावायचा?
किती हजार पोरांच्या उत्तरांवर
लाल शाईनं बरोबरच्या खुणा केल्या असतील,
आणि ही साडीची गुंडाळी.
माझं दार तोडायला कोण आलं असतं?
दूधवाला, बहुतेक. तीन पिशव्या साठल्यावर.

मग मी स्टुलावर बसून राहिले, शिकाऊ पोरासारखी.
भाच्याच्या भोकातून गरम पाण्याची नळी आत घेतली त्यानं,
भोक वाया गेलं नाही.
वाटीत पुडी फोडली, पाणी घातलं,
दाढीच्या ब्रशनं एकेका जोडाला फेस लावला
आणि म्हणाला, "थांबा. हलू नका."
दोघं वाकून बघत राहिलो.
तिसऱ्या जोडावर एक बुडबुडा आला,
बाजरीच्या दाण्याएवढा,
फुगला, चमकला, फुटला.
तो स्वतःवरच चिडला.
जोड पुन्हा उघडला, पुन्हा आवळला, पुन्हा फेस.
असं दोनदा.

बिलात व्हिजिटचे तीनशे नव्हते.
"काम केलं की धरत न्हाय," म्हणाला,
आणि चहा नको म्हणत अर्धा कप प्यायला.
घासाघीस करायचं मी सकाळीच ठरवलेलं.
सुटे नाहीत, असं काहीतरी पुटपुटले आणि
वरचे दीडशे राहू द्या म्हटलं.
त्यानं मोजून परत केले.

आता सकाळी आधी अर्धी बादली गारच येते,
लांब नळीचं पाणी.
ते कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.
खिडकी उघडी असते, हुडहुडी भरते,
शेजारच्या जिन्यातली बोलणी ऐकू येतात.
दार लोटते नुसतं.
कडीला अजून हात जातो,
सवयीनं,
आणि मध्येच थांबतो.