जिथे शंका, तिथे थालीपीठ

विजेच्या बिलाची पाठ कोरी असते,
तिच्यावर मी पुणं लिहायला घेतलं.
शुक्रवार, शनिवार, रविवार.
मुश्ताक म्हणाला, या तर पेठाच झाल्या.
मी म्हटलं, हसू नकोस, तीनच दिवस आहेत
आणि रय्यानला अजून दुपारची झोप लागते.

महाडहून सकाळची एसटी.
वरंधा घाटात एक उलटी गृहीत धरलेली,
म्हणून लिंबू, म्हणून जुना टॉवेल,
म्हणून खिडकी इल्हामची.

खोलीसाठी तीन फोन.
पहिला म्हणाला, पार्किंग नाही.
आमच्याकडे गाडीच नाही, म्हटलं, तरी तो नाहीच म्हणाला.
दुसऱ्याने आडनाव विचारलं. मुकादम.
मुकादम कुणीही असतं, तो खुलून बोलत राहिला.
मग पूर्ण नाव विचारलं
आणि बोलता बोलता त्याच्या खोल्या भरल्या.
त्याच्यापुढे मी काही लिहिलं नाही,
बिलाला फक्त पेनाचं एक भोक पडलं.
तिसरी कॅम्पातली एक बाई:
गरम पाणी सहा ते नऊ, लहान मुलांचे पैसे घेत नाही,
आणि किब्ला कपाटाच्या बाजूला,
मागच्या पाहुण्यांनी खडूने बाण काढलाय, मी पुसला नाही.

खाण्याचं हडपसरला दोन वर्षं काढलेल्या नणंदेला विचारलं.
कॅम्पात विचारून खा, ती म्हणाली,
मोमीनपुऱ्यात न विचारता,
कोंढव्यात जाल तर उपाशी जा.
आणि पेठांत?
पेठांत जिथे शंका, तिथे थालीपीठ.
वर लोणी मागून घे, लाजू नकोस.

लाजू नकोस.
मी नऊ वर्षांची होते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे
अब्बांनी मला पुण्याला आणलं होतं.
दोन दिवस आम्ही केळी खाल्ली.
हॉटेलांच्या काचेआड पिवळे दिवे, वाफा, माणसं,
आणि अब्बा दारापर्यंत जाऊन परत यायचे.
एवढंच विचारायचं होतं, मटण कुठलं आहे,
नाहीतर, भाजी-भाकरी मिळेल का.
डोळ्यांत औषध घातलेलं, मला सगळं धूसर दिसत होतं,
तरी त्यांचं परत येणं स्वच्छ दिसलं.

इल्हाम आता जोडाक्षरं सोडून सगळं वाचते.
जेलीच्या पुडीची मागची बाजू घेऊन बसली,
जि-ले-टि-न. अम्मी, हा कोण?
म्हटलं, आपल्या ओळखीचा नाही.
तिने पुडी दुकानदाराला परत दिली,
ओळख नाही, असंही सांगितलं.

कात्रजला प्राणी. जोहरची वेळ तिथेच होणार,
म्हणून एक चादर, एक पाण्याची बाटली जास्तीची.
प्रवासात नमाज अर्धी होते,
मुलांचं रडणं मात्र पूर्ण.
मगर दाखवू म्हटलं तर इल्हामने तोंड वाकडं केलं.
मगरी तिला सावित्रीत रोज दिसतात,
मगरीसाठी कुणी पैसे भरून पुण्याला जातं का?

तिला मेट्रो हवी आहे,
ती नदीच्या खालून जाते ती.
वरती मासे दिसतील का?
मुठेत मासे आहेत का, मला माहीत नाही.
आपल्या डोक्यावर नदी असेल आणि आपण कोरडे?
कोरडे.
अब्बूसुद्धा?
अब्बूसुद्धा.
रविवारचा बेत मी खोडला,
किल्ला, संग्रहालय, खरेदी, सगळं,
आणि लिहिलं: नदीखालून. जाऊन, येऊन, परत जाऊन.

शेवटी सामान.
औषधं, मोजे, रय्यानची उशी, जिच्याशिवाय तो झोपत नाही.
केळी लिहिली.
खोडली.
मुश्ताक वाचत होता, काही बोलला नाही.
मग मीच परत लिहिली, अर्धा डझन.
पोरांना आवडतात.
केळ्यांनी त्यांचं काही बिघडवलेलं नाही.