दोन नंबर

निघायच्या आदल्या रात्री ऊर्जिता भिंग घेऊन बसली.
शाळेत कुणीतरी सांगितलंय तिला,
खरं असतं ते पाकिटाच्या मागं, मुंगीएवढ्या अक्षरात.

"पप्पा, एकशे दोन म्हणजे?"
रंग. पिवळा.
"दोनशे अकरा?"
टिकायला घालतात.
"सहाशे एकवीस?"
जिभेला आणखी हवंसं वाटावं म्हणून.
तिनं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं.
"मग यात खायचं कुठलं?"

हेमांगी तोवर पिशव्या भरत होती:
आण्णांच्या गोळ्या, सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी,
कमरेला उशी, गुडघ्याला पट्टा,
आवळासुपारी, लिंबं, ओवा,
आणि घाटासाठी, काही न बोलता, चार कॅरीबॅगा.
पाकिटंही भरली तिनं. सुट्टी आहे, म्हणाली,
सुट्टीत सगळंच वाचायचं नसतं.

मी शाहूपुरीत गूळ बघतो. अठरा वर्षं झाली.
सौद्याला रवा फोडतात, मी नखानं कण काढतो,
उजेडाकडं धरतो.
पिकल्या केळीसारखा पिवळा असला तर एक नंबर,
मातीकडं झुकला की दोन.
जिभेवर ठेवायची वेळ फारशी येत नाही.

"पप्पा, गुळाच्या मागं काय लिहिलेलं असतं?"
रव्याला मागची बाजू नसते गं, म्हटलं. झोप आता.

साडेसहाला गाडी काढली. रंकाळ्यावर धुकं,
फुलेवाडीला डिझेल, बालिंग्याला पहिला चहा.
आण्णांना दर पाऊण तासाला उतरावं लागतं.
ते तसं सांगत नाहीत,
फक्त गाण्याचा आवाज कमी कर म्हणतात.
कळ्याच्या पुढं दुसऱ्यांदा आवाज कमी झाला
तेव्हा डाव्या हाताला चुलवाणाचा धूर दिसला.

आण्णा उसाच्या आडोशाला. आम्ही काहिलीजवळ.
मळी वर येत होती, गुळव्या झाऱ्यानं ओढून घेत होता.
कोपऱ्यात एक पांढरी पिशवी, तोंड दुमडलेली,
तिच्यावर बारीक अक्षरं.
भिंग घरी राहिलं होतं.

मालकानं मला ओळखलं. भीमगोंडा,
दर आठवड्याला याचा माल माझ्या बोटांखालनं जातो.
हसला, आत गेला, केळीच्या पानावर
काळपट, ओलसर, वाकडा गोळा घेऊन आला.
"ह्यो घरचा. नुसत्या भेंडीच्या पाण्यावर काढलाय.
आमची पोरं ह्योच खात्यात."
मग जरा थांबून,
"तुमी दोन नंबरातच टाकला असता न्हवं?"
टोमणा नव्हता. दर विचारावा तसं विचारलं त्यानं.

मी नखानं कण काढला. सवयीनं उजेडाकडं धरला.
मग हात खाली घेतला.

ऊर्जितानं खडा गालात धरला.
"पप्पा, हा उसासारखा लागतो!"
आणि करूळ घाटात तिसऱ्या वळणाला तरी ओकलीच.
गूळ, लिंबू, आवळा सगळं बाहेर आलं,
शेवटी पाकिटातलं, अजून नारिंगी,
दुकानात होतं तेवढंच नारिंगी.
हेमांगीनं तोंड पुसलं, कॅरीबॅगेला गाठ मारली.
आण्णा उशीला टेकून घोरत होते,
एवढ्या वळणांत त्यांचं काही हललं नव्हतं.

पोरीला पुढं घेतलं, पट्टा लावला, काच उघडली.
खाली कोकण निळं पडलं होतं.
"पप्पा, दोन नंबर म्हणजे वाईट असतं?"

जवळचं बघू नकोस, म्हटलं.
लांब बघ, त्या डोंगराकडं.
मग मळमळत नाही.

पुढं वळण होतं.
सोमवारी सौदा.