झेंडी

जुनी लाल ओढणी आहे ती, बायकोची,
बांबूच्या काठीला शिवलेली.
अकरा वर्षं, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी,
तापीच्या कोरड्या पात्रात उभं राहून
मी ती खाली पाडली
आणि घोडे सुटले.
एरवी मी झेडपीच्या शाळेचा मास्तर.

त्या वर्षी शाळेला कुलूप होतं
आणि माझी ड्युटी दोंडाईच्याच्या फाट्यावर:
येणाऱ्याच्या कपाळाशी बंदूक धरायची,
आकडा वहीत लिहायचा.

सोसायटीच्या गोदामासमोर बैठक झाली.
चुन्याची वर्तुळं, वर्तुळात माणसं.
हिलालसिंग गिरासे उठून म्हणाला,
"घोडाले कोरोना व्हस का, मास्तर?"
कोणी हसलं नाही.
मग तो हिशेबावर आला.
रोजची चार किलो चंदी, वर गूळ,
मोतद्दाराचा पगार.
बांधून ठेवलेल्या घोडीचे पाय सुजतात,
ते तुमच्या वहीत कुठे लिहिता?

त्याची कोजागिरी, पांढरी नुकरी,
मागे लिंबाला बांधलेली,
सारखं एकच खूर आपटत होती.

सरपंच रत्नाबाई कोळी
पदर तोंडावरून न काढता बोलल्या,
"घोडी पयस तं पयू द्या,
पन लोके कोठे ठेवशात?"

सायसिंग पावरा वर्तुळाबाहेर उकिडवा.
त्याच्यासाठी कुणी आखलंच नव्हतं.
जिंकला तर पाच हजार, हरला तर जेवण.
चैत्रात बारडोलीच्या फडातून तो चालत आला होता,
चार दिवस, नवापूरमार्गे.
शर्यत व्हावी की न व्हावी,
हे त्याला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

इद्रीस नालबंद शेवटपर्यंत गप्प.
श्रावणात त्याचा भाऊ धुळ्याहून प्लास्टिकमध्ये आला,
तोंड बघू दिलं नव्हतं.
उठताना एवढंच म्हणाला,
"नाल ठोकून देतो, पैसे नको.
त्या दिवशी मला बोलवू नका."

ठरलं ते असं:
पहाटे, एका वेळी एकच घोडा,
प्रेक्षक नाही, ढोल नाही,
मास्तर घड्याळ लावतील.

एकट्या घोड्यासमोर झेंडी पाडणं
किती विचित्र असतं, सांगता येत नाही.
धुकं होतं. कोजागिरीनं कान मागे टाकले,
शेजारी कोण आहे ते बघितलं.
कोणीच नव्हतं.
तरी ती सुटली,
रेवाल नाही, सरळ चौखूर,
सायसिंगचं डोकं तिच्या आयाळीत गेलेलं.
वाळू माझ्या मास्कवर बसली.
एक मिनिट, चार सेकंद.

मग उजाडलं
आणि मला काठ दिसला.
केळीच्या बांधांवर, पुलाच्या कठड्याला,
गोधड्या, मफलर, टॉवेल गुंडाळलेली
तीनशे तरी माणसं.
आरोळी नाही, शिट्टी नाही.
इतकी शांत गर्दी मी
फक्त मयताला पाहिली आहे.
त्यांच्यात मागे, एकटा,
इद्रीस.

घोडी थांबली तेव्हा तिच्या नाकपुड्या
भात्यासारख्या चालल्या होत्या.
सायसिंगनं तिच्या मानेवर गाल टेकवला.
तेवढा श्वास, एवढ्या थंडीत,
पांढरा, फुकट, कुणाच्याही परवानगीशिवाय.
बघत राहिलो.
झेंडी खाली होती, ती उचलायची राहिली,
सहा घोडे अजून बाकी होते.

आठ दिवसांत गावात सात ताप निघाले.
बाजारातून आले, लग्नातून आले,
की त्या बांधांवरून, कोण सांगणार?
पाच बरे झाले.
हिलालसिंगला शहाद्याला नेलं,
बोटाच्या चिमट्यावर एक्क्याऐंशी.
गाडीत बसताना त्यानं विचारलं,
चंदी दिली का?

चंदी आता त्याचा मुलगा देतो.
पुढच्या वर्षी झेंडी दुसऱ्या कुणी पाडली.
काठी माझ्याकडेच आहे, माळ्यावर.

आणि वही. तालुक्याला जमा करायची होती,
मी केली नाही.
त्या तारखेच्या पानावर
"जमाव" असा रकाना आहे,
त्यात माझ्या हातचं शून्य.
इतकं दाबून काढलेलं
की मागच्या चार पानांवर उमटलंय.