चाळण

उद्यमबागेत आमची फाउंड्री, दुसऱ्या गल्लीत.
बाहेर पाटी तीन भाषांत, आत धूर एकाच भाषेतला.
मी ऑफिसात: बिलं, हजेरी, चहाचा हिशेब,
आणि कंपनीच्या नावानं येणारी सगळी मेल.

मागच्या दिवाळीत एका ठकाची मेल मीच उघडली होती.
सव्वा लाख गेले.
मालक ओरडले नाहीत, पंख्याकडे बघत बसले नुसते,
आणि पुढच्या आठवड्यात नवी चाळण बसवून घेतली,
हुबळीच्या एका पोराकडून, अर्ध्या तासात.
"एकदम कडक ठेवलंय मॅडम," तो म्हणाला.

इनबॉक्स इतका स्वच्छ झाला
की मला वाटलं, लोक सुधारले.

मग जूनमध्ये कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचा फोन:
तीनदा ऑर्डर पाठवली, तुम्ही जिवंत आहात ना?
तेव्हा कळलं, चाळणीखाली एक खड्डा असतो,
आणि तो कुणीतरी अधूनमधून उपसायचा असतो.

कर्ज घ्या. केस उगवा. तुमचं पार्सल अडकलंय.
आणि त्या गर्दीत, अंग चोरून,
टोपाण्णा सडेकर, जांबोटी.
अकरा वेळा.

पहिली मेल इंग्रजीत, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली.
दुसरी कन्नडमध्ये, तिसरीपासून आपल्या मराठीत.
चाळणीनं तिन्ही अडवल्या.
तेवढ्यापुरती ती निःपक्षपाती.

"अतिशय तातडीचे. वेर्ण्याला काम मिळतंय.
बावीस वर्षांचा अनुभवाचा दाखला तेवढा धाडा.
सोबत फोटो जोडलाय. कृपा करा."
तातडीचे. सोबत जोडलाय. कृपा करा.
ठकसुद्धा हेच लिहितो, याच क्रमानं.
गरजू माणसाकडून त्यानं शब्द उसने नेले,
आणि आता दारात गरजूच चोर ठरला.

अकराव्या मेलीत एकच ओळ:
"राहू दे अक्का. मुदत संपली."

टोपाण्णा आमच्याकडे रेती चाळायचा.
नवी पोरं ढेकूळ दिसलं की भिरकावून द्यायची.
तो उचलायचा, दोन बोटांत धरायचा, दाबायचा.
फुटलं तर रेतीच ती, परत ढिगात.
नाही फुटलं, तर खडा.
एका पाटीला त्याला दुप्पट वेळ लागायचा,
आणि मीच मालकांना सांगितलं होतं,
हा माणूस सावकाश आहे.

मी उत्तर लिहिलं. माफी, दाखला, सही, शिक्का.
दोन दिवस काही नाही.
मग लक्षात आलं, त्याच्याकडेही चाळण असणार,
आणि मी पण लिहिलं होतं: "तातडीचे. सोबत जोडलाय."

रविवारी जांबोटीची बस धरली.
पिरनवाडी, किणये, मग झाडी, मग वळणं.
दाखला पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे.

त्याच्या अंगणात पाय टाकला आणि कुत्रं धावून आलं,
दात, केस, सगळं उभं करून.
मी पिशवी छातीशी धरून थांबले.
नाव सांगून उपयोग नव्हता. शिक्का दाखवून नव्हता.

टोपाण्णा गोठ्यातून डोकावला, हात शेणानं भरलेले.
"गप रे," म्हणाला. "आपलीच हाय ती."

एवढंच.
कुत्रं गप्प झालं, माझी चप्पल हुंगली,
आणि उंबऱ्यापाशी जाऊन आडवं झालं,
एक डोळा माझ्यावर ठेवून.

"वेर्ण्याचं गेलं," मी म्हटलं.
"गेलं," तो म्हणाला. "चहा घेणार न्हवं?"
हात धुऊन, पंच्याला पुसून, त्यानं दाखला घेतला,
आणि कागदाचा कोपरा
दोन बोटांत धरून, हलकेच,
दाबून बघितला.