बाटूचं नाक

मी वजनमापे खात्यातला.
वर्षातून एकदा चिखलदऱ्याचा घाट चढतो,
तराजूंवर शिक्के मारतो, पावत्या फाडतो, उतरतो.
त्या फाल्गुनात जीप जामूनढाण्याला बंद पडली
आणि ड्रायव्हर फॅनबेल्टसाठी परतवाड्याला गेला.

बाटू बेठेकरच्या उतारावर सव्वीस झुडपं आहेत चहाची.
कुणी लावली ते दप्तरात नाही.
कॉफीच्या रोपांत चुकून आली म्हणतात,
किंवा कुण्या साहेबाची हौस होती,
पहिल्याच उन्हाळ्यात वाळली.
म्हणजे हौस. झुडपं नाही.
खाली करंगळीएवढा झिरा,
वर हिरड्याची सावली, डावीकडे कुडा,
बांधावर रानतुळस, आणि अंगणाला लागून मोह.

खुडलेली पानं बाजेवर मलूल होत होती.
शेजारी चटईवर मोहफुलं वाळत होती.
"च्याचं पान लई लोभी असते साहेब," बाटू म्हणाला,
"बाजूले जे असन त्याचा वास वढून घेते.
एक साल म्या बिडी वढत मळलं,
त अख्खा च्या बिडीच झाला."

दुपारभर तो तट्ट्यावर पानं मळत राहिला, उघड्या तळव्यांनी.
रस हिरवा निघायचा आणि पेरांत जाऊन काळा व्हायचा.
मग ढीग ओल्या धडप्याखाली झाकला.
इथून पुढं नाकाचं काम.
पान काळं पडताना एक घडी येते,
तेव्हाच कढईत टाकायचं.
आधी टाकलं तर गवत,
नंतर टाकलं तर बैलापुढचा उकिरडा.

"पण माहं नाक गेलं. तीन सालं झाली, तापानं नेलं.
आता कुडा फुलला काय अन् उंदीर मेला काय,
मले सारखंच."

ती घडी आता सोनकाय सांगते.
तिनं आयुष्यात चहा तोंडाला लावला नाही.
तिचं नाक मोहाच्या भट्टीवर तयार झालेलं.
तिनं धडप्याचा कोपरा चारदा उचलला
आणि चारदा म्हणाली, नाही.
पाचव्या वेळी ती अंगणाच्या टोकाला होती,
बकरीच्या खुरातला काटा काढत.
तिकडूनच, मान वर न करता, म्हणाली,
आता.

बिनदुधाचा कप दिला.
रंग घासलेल्या पितळी मापासारखा.
आधी हिरड्यासारखी जीभ आवळली,
मग काहीतरी पांढऱ्या फुलांचं आलं नि गेलं,
आणि कप खाली ठेवल्यावर, फार उशिरा,
घशाच्या मागून,
मोह.

"हे पयले नव्हतं," बाटू म्हणाला. "लोकं सांगतात.
माहा च्या तिच्यासारखा झाला म्हणे.
कसा झाला साहेब? सांगा ना."
मी म्हणालो, चांगला.
तो थांबून राहिला.
"चांगला त सारेच म्हणतात."

पंचवीस वर्षं मी ग्रॅमच्या खालचंही मोजत आलो आहे.
त्या माणसाला एक कप मोजून सांगता आला नाही मला.
सोनकायनं दगडाच्या पावशेरानं चहा तोलून दिला.
दगड अकरा ग्रॅम जड होता, गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
नियमानं जप्त करायला हवा होता.
मी पैसे दिले आणि जीपमध्ये बसलो.

पुडी चार महिने बॅगेत राहिली,
लाखेच्या कांड्या आणि शिक्क्याच्या शाईशेजारी.
परवा अचलपूरला उघडली.
लोभी पानानं माझं सगळं ऑफिस ओढून घेतलं होतं.
तरी बायको म्हणाली,
याला खाली कसला तरी गोड वास आहे, कुजकट गोड,
टाकू नका.

बाटूला कळवायला हवं.
त्याच्याकडे फोन नाही. असता तरी
मी पुन्हा चांगला एवढंच म्हणालो असतो बहुतेक.