डिसेनियम

हेक्सॅमच्या नगरपालिकेचं पत्र आलं:
आपला जमिनीचा करार एका डिसेनियमपुरता होता.
थर्लवेलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
लॅटिन. दहा वर्षं.
आधीचा कारकून असंच लिहायचा,
आता कुणी लिहीत नाही.

मग सरळ दशक म्हणा की.
छे, दशक शून्याच्या सालाला सुरू होतं,
हे सुरू झालं तुमच्या सहीपासून.

आमच्याकडे तप असतं, मी म्हटलं. बारा वर्षांचं.

तीन वर्षं तर नुसते दगड वेचले.
मग मेथी, मग गोगलगाई.
नासपतीला यंदा पहिलं फळ धरलं,
एकच,
तेही किडकं.

म्हणजे दोन वर्षं कमी पडली तुम्हाला,
बाई म्हणाल्या,
आणि अर्जाच्या कडेला
पेन्सिलीने काहीतरी लिहिलं,
खोडता येईल असं.